काळ्या आवरणाखालचा जोड

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

इमारतीच्या मीटर रूमला किंवा एखाद्या कारखान्याच्या पॅनेलला (वीज वाटणाऱ्या पेटीला) आग लागली की बातमीत 'शॉर्ट सर्किट' एवढेच कारण येते आणि विषय तिथेच मिटतो. शॉर्ट सर्किट हा बऱ्याचदा शेवटचा टप्पा असतो. त्याआधी कित्येक महिने एखादा जोड थोडा थोडा तापत असतो, तांबे काळवंडत असते, शेजारचे प्लास्टिक कडक होऊन तडकत असते. मग एके दिवशी आवरण गळते आणि दोन फेज एकमेकांना भिडतात.

आज हे लिहिण्याचे कारण असे, की पॅनेलमधले हे जोड करण्याची पद्धत सध्या बदलते आहे. जाड केबल आणि थिंबल (केबलच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे टोपण), किंवा उघडी कडक बसबार पट्टी (वीज वाहून नेणारी धातूची पट्टी), यांच्या जागी आता काळ्या आवरणातली तांब्याची लवचिक पट्टी सर्रास बसवली जाते. धंद्यात तिला 'फ्लेक्सिबल बार' म्हणतात. माल चांगला आहे, याबद्दल शंका नाही. काळजी वाटते ती बसवण्याच्या पद्धतीची. 'इन्सुलेटेड आहे, आता चिंता नाही' असे सोसायटीच्या समितीला किंवा लहान कारखानदाराला सांगितले जाते, आणि त्या काळ्या आवरणाखाली झालेले कच्चे काम वरून कोणाला दिसत नाही.

आधी ही पट्टी म्हणजे नेमके काय ते सांगतो. ९९.९ टक्के शुद्धतेच्या इलेक्ट्रोलिटिक तांब्याचे पातळ पत्रे, साधारण ०.८ किंवा १ मिलिमीटर जाडीचे, एकावर एक ठेवलेले असतात. थर दोनपासून दहा-बारापर्यंत, रुंदी ९ मिलिमीटरपासून १०० आणि त्याहून जास्त. वरून सुमारे २ मिलिमीटरचे पीव्हीसीचे किंवा हॅलोजनरहित आवरण असते. सहसा दोन-तीन मीटरच्या लांबीत माल येतो. '४०×१×१०' असे लिहिले असेल तर ४० मिलिमीटर रुंद, १ मिलिमीटर जाड असे १० थर, म्हणजे ४०० चौरस मिलिमीटर तांबे. आवरण बहुधा १००० व्होल्ट एसी आणि १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे असते. थर एकमेकांना चिकटवलेले नसतात, आवरणाच्या आत ते एकमेकांवरून सरकतात. पट्टी हाताने वळते ती त्यामुळेच, आणि पुढचे बहुतेक घोटाळे होतात तेही त्यामुळेच.

फायदा कुठे आहे? ८०० अँपिअरच्या ब्रेकरला (जादा करंट झाला की आपोआप वीज तोडणाऱ्या स्विचला) केबल लावायची तर दर फेजला २४० चौरस मिलिमीटरच्या दोन केबल येतात. प्रत्येक केबलला दोन थिंबल, म्हणजे फेजला चार क्रिम्पिंग (दाबून केलेले जोड). तीन फेज आणि न्यूट्रल धरले तर एका जोडणीत सोळा क्रिम्पिंग झाले. त्यातले एक जरी चुकीच्या डायने (दाबण्याच्या साच्याने) दाबले गेले, तरी तो जोड पुढे तापणार. फ्लेक्सिबल बारला थिंबलच नाही. पट्टीचेच टोक सोलायचे आणि बोल्टने आवळायचे. शिवाय एवढी जाड केबल वळवायला तिच्या व्यासाच्या कितीतरी पट जागा लागते, ती पॅनेलच्या कप्प्यात नसते. मग ती जबरदस्तीने वळवली जाते आणि ब्रेकरचे टर्मिनल कायम ताणाखाली राहते. फ्लेक्सिबल बार स्वतःच्या जाडीएवढ्या गोलाईत वळू शकतो. एकंदरीत जोड कमी झाले आणि टर्मिनलवरचा ताणही गेला. म्हणून हा माल हवाच आहे.

आता निवडीकडे येतो. उत्पादकाच्या तक्त्यात एकाच पट्टीसमोर दोन-तीन वेगवेगळे अँपिअर दिलेले असतात. ते तापमानवाढीचे रकाने आहेत: भोवतालच्या हवेपेक्षा पट्टी ३० अंशांनी तापली तर किती करंट, ५० अंशांनी तापली तर किती. कोटेशन देणारा मोठा आकडा उचलतो, कारण त्यात तांबे कमी लागते. पण चंद्रपूर किंवा नागपूरला मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असते आणि बंद पॅनेलच्या आत ५५ सहज होते. त्यात ५० मिळवा, आवरणाची १०५ ची मर्यादा गाठलीच. अशा ठिकाणी ३० अंशांचा रकाना धरावा. त्यात मिळणारा करंट ५० अंशांच्या रकान्यापेक्षा साधारण पाव हिश्श्याने कमी असतो. एका फेजला दोन पट्ट्या लावल्या तर करंट दुप्पट होत नाही, फार तर १.७ पट धरावा, आणि तोही दोन पट्ट्यांत पट्टीच्या जाडीएवढी फट ठेवली तरच.

याहून जास्त दुर्लक्षित गोष्ट ब्रेकरची आहे. ब्रेकर स्वतःची बरीच उष्णता टर्मिनलला लावलेल्या तांब्यातून बाहेर सोडतो. ६३० अँपिअरच्या ब्रेकरची तापमान चाचणी होते तेव्हा दर फेजला ४०×५ च्या दोन पट्ट्या, म्हणजे ४०० चौरस मिलिमीटर तांबे जोडलेले असते. ८०० अँपिअरला ५०×५ च्या दोन, म्हणजे ५०० चौरस मिलिमीटर. पट्टीच्या तक्त्यात बसते म्हणून त्याच ब्रेकरला निम्म्या तांब्याची पट्टी लावली, तर पट्टी टिकते पण ब्रेकर आतून तापतो आणि पूर्ण लोडच्या आधीच पडू (आपोआप बंद होऊ) लागतो. मग ब्रेकर खराब ठरवून नवा बसवला जातो, आणि तोही पडतो.

तांबे खरे आहे का, हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेला पत्रा बाजारात असतो. तो आवरणाखाली असेल तर वरून कळणार नाही. ४०×१×१० चा बरोबर १० सेंटिमीटरचा तुकडा कापा, आवरण काढा आणि वाण्याच्या काट्यावर ठेवा. खरे तांबे ३५६ ग्रॅमच्या आसपास भरेल. मुलाम्याचा माल १४० ग्रॅमच्या घरात येईल. कापलेल्या टोकावर बारीक कानस फिरवली तर आतला पांढरा धातूही दिसतो. कथील चढवलेले तांबे बाहेरून पांढरे असते, पण आतून लालच निघते.

आता वळवण्याबद्दल, कारण इथे हिशेब चुकतो. दहा थरांची पट्टी काटकोनात वळवली की बाहेरच्या थराला आतल्या थरापेक्षा लांबचा रस्ता पडतो. फरक किती? पहिल्या आणि दहाव्या थरातल्या नऊ मिलिमीटर अंतराला १.५७ ने गुणा, १४ मिलिमीटर. म्हणजे टोकाला आतला थर १४ मिलिमीटर पुढे येतो आणि बाकीचे पायऱ्यांसारखे मागे राहतात. 'यू' आकार केला तर फरक २८ मिलिमीटर. एकदा इकडे आणि एकदा तिकडे वळवून 'झेड' केला तर तो परस्पर मिटतो. म्हणून क्रम असा: आधी पुठ्ठ्याच्या पट्टीने माप घ्यायचे, पट्टी तीन-चार सेंटिमीटर जास्त ठेवून कापायची, वळवायची, जागेवर लावून बघायची, मग टोक काटकोनात कापायचे आणि सगळ्यात शेवटी भोक पाडायचे. घाईत सपाट पट्टीलाच भोके पाडली आणि नंतर वळवली, तर थरांची भोके एकमेकांवर येत नाहीत. बोल्ट घालायला मग ती भोके कानसून मोठी केली जातात, किंवा थर मागे ढकलले जातात आणि वळणाच्या आत पट्टीला पोट सुटते. असे फुगलेले वळण दिसले की काम कोणत्या क्रमाने झाले ते कळते.

वळवायला हात पुरतात, किंवा व्हाइसच्या जबड्यात लाकूड लावावे. हातोडा नको, गरम करणे नको. पट्टी सपाट बाजूने वळते आणि तिला पीळही देता येतो, कडेच्या बाजूने मात्र ती वळत नाही. एकाच जागी चार-पाच वेळा वळवून-सरळ करून तांबे कडक होते आणि थर तुटतात, तेव्हा माप आधीच नीट घ्यावे. आणखी एक गैरसमज: 'लवचिक' याचा अर्थ बसवताना वळणारी. सतत हलणाऱ्या भागासाठी ही पट्टी नाही, तिथे विणलेल्या तांब्याची वेणी लागते.

भोक हा या साऱ्या कामाचा मर्मबिंदू आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ब्रेकरच्या टर्मिनलला पट्टीचा फक्त एक थर टेकतो. बाकीच्या नऊ थरांना करंट मिळतो तो वरून बोल्टने दाबल्यामुळे, एका थरातून दुसऱ्यात. म्हणजे बाहेरून दिसणारा एक जोड आतून दहा जोड असतो. आता त्या पट्टीला साध्या ड्रिलने भोक पाडा. ड्रिल एका थरातून दुसऱ्यात शिरताना मऊ तांबे कापले जाण्याऐवजी ओढले जाते, भोकाच्या कडेला ओठासारखा काठ वर येतो, आणि तो काठ वरच्या थराला उचलून धरतो. शिवाय तांब्याचा बारीक कीस थरांच्या मध्ये शिरतो. बोल्ट आवळला की पट्टी घट्ट वाटते, पण थर एकमेकांना टेकलेले असतात ते भोकाच्या काठावर आणि किसाच्या कणांवर. करंट खालच्या दोन-तीन थरांत कोंडतो. ४०० चौरस मिलिमीटरचे पैसे दिलेले असतात आणि जोडापाशी काम करते त्याच्या पाव हिस्सा तांबे.

यावर उपाय पंचाचा आहे. हायड्रॉलिक पंच-डायने सगळे थर एका दाबात कापले जातात आणि कीस होत नाही. लहान हातपंप पंच साइटवर नेता येतो. पंच नसेल आणि ड्रिलच करावे लागले, तर पट्टीचे टोक वर-खाली जाड पट्ट्या लावून क्लॅम्पमध्ये घट्ट आवळावे, पाते नवे असावे, वेग कमी ठेवावा. नंतर थर पुस्तकाच्या पानांसारखे उघडून प्रत्येक भोकाचा काठ साफ करावा आणि कीस पुसून काढावा. दहा थर, दोन टोके, चार पट्ट्या: ऐंशी ठिकाणी ही सफाई करावी लागते. ती खरोखर कोणी करत असेल असे वाटत नाही, म्हणूनच पंचाचा आग्रह धरावा. भोकाचा व्यास पट्टीच्या निम्म्या रुंदीहून मोठा नसावा. रुंद पट्टीला मधोमध एक मोठा बोल्ट देण्यापेक्षा दोन किंवा चार बोल्ट द्यावेत, दाब सगळीकडे पोहोचतो.

आवरण सोलताना कटरचे पाते तांब्यापर्यंत जाता कामा नये. बाहेरच्या थरावर आडवी चीर पडली की पुढे कंपनाने तो थर नेमका तिथेच तुटतो. जेवढा भाग टर्मिनलवर बसतो त्यापेक्षा चार-पाच मिलिमीटर जास्त सोलावे. कमी सोलले तर आवरणाची कड वॉशरखाली अडकते. जोड प्लास्टिकवर आवळला जातो, प्लास्टिक तापून दबते, आणि महिन्याभरात बोल्ट सैल. ही चूक फार ठिकाणी दिसते, आणि टॉर्चच्या उजेडात बघितली तर कोणालाही ओळखता येते.

बोल्ट ८.८ ग्रेडचा असावा. पट्टीवर आधी रुंद सपाट वॉशर, कारण तांबे मऊ असते आणि लहान वॉशर त्यात रुततो. नटाच्या बाजूला सपाट वॉशर आणि त्यावर कोनिकल (बशीसारखा) वॉशर, फुगीर बाजू नटाकडे. साधा स्प्रिंग वॉशर इथे पुरत नाही. तांबे तापल्यावर पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते: दर अंशाला तांबे मीटरमागे १७ मायक्रॉन, पोलाद साधारण १२. रोज लोड वाढला की बोल्ट जास्त ताणला जातो आणि मऊ तांबे किंचित दबते. रात्री थंड झाले की तेवढाच ढिलेपणा उरतो. कोनिकल वॉशर तो ढिलेपणा भरून काढतो.

आवळायला टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) हवाच. एम-१० बोल्टला साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटर, एम-१२ ला ७० ते ८०. ब्रेकरच्या टर्मिनलवर वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळावा. पाइप लावून 'आणखी थोडा' आवळलेला बोल्ट आतून ताणून गेलेला असतो, तो काही दिवसांनी सैल पडतो. आवळून झाल्यावर बोल्ट, नट आणि पट्टीवरून रंगाची एक सरळ रेघ ओढावी. पुढे कधी पॅनेल उघडला आणि रेघ तुटलेली दिसली, तर तो बोल्ट फिरला आहे. दर सहा महिन्यांनी सगळे बोल्ट उगाच पुन्हा आवळू नयेत.

जोड बिघडला तर किती उष्णता होते, याचा हिशेब सोपा आहे. चांगल्या जोडाचा रोध १० मायक्रोओहम धरा. ६३० अँपिअरला तिथे ४ वॉट तयार होतात, हाताला जाणवणारही नाहीत. तोच रोध १०० मायक्रोओहम झाला तर ४० वॉट. सोल्डरिंगची इस्त्री एवढीच असते. ती बंद कप्प्यात, प्लास्टिकला खेटून, चोवीस तास चालू आहे असे समजा.

आधाराबद्दल आता. पट्टी लवचिक आहे, म्हणून फॉल्टच्या (शॉर्ट सर्किटच्या) क्षणी तीच सगळ्यात जास्त उसळते. ५०० केव्हीए, ४३३ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि ४.५ टक्के इम्पिडन्स (ट्रान्सफॉर्मरचा आतला अडथळा) धरला, तर त्याच्या टर्मिनलजवळ फॉल्ट करंट १५ किलोअँपिअरच्या जवळ जातो आणि पहिल्या झटक्यात शिखर ३० किलोअँपिअर गाठते. दोन पट्ट्यांत ७० मिलिमीटर अंतर असेल तर त्यांना दूर ढकलणारा जोर मीटरमागे २५०० न्यूटनहून जास्त, म्हणजे अडीचशे किलोंचा होतो. करंट दुप्पट झाला की जोर चौपट. नायलॉनच्या केबल टायने बांधलेली पट्टी तिथे टिकत नाही. इन्सुलेटिंग सपोर्ट किंवा क्लॅम्प हवेत आणि त्यांच्यातले अंतर उत्पादकाच्या तक्त्यातून, त्या जागेच्या फॉल्ट लेव्हलप्रमाणे (तिथे होऊ शकणाऱ्या फॉल्ट करंटप्रमाणे) घ्यायला हवे. आवरण आहे म्हणून पट्टी दुसऱ्या फेजच्या उघड्या बसबारवर किंवा पत्र्याच्या धारेवर टेकवू नये. आयएस/आयईसी ६१४३९ या पॅनेलच्या मानकाने मुख्य बसबारपासून फीडरच्या (पुढे वीज नेणाऱ्या शाखेच्या) ब्रेकरपर्यंत ३ मीटर लांबीपर्यंत शॉर्ट सर्किट संरक्षणाशिवाय पट्टी नेण्याची सवलत दिली आहे, पण ती शॉर्ट सर्किटची शक्यताच जवळपास राहणार नाही अशा मांडणीसाठी आहे.

पट्टी लोखंडी पत्र्यातून बाहेर काढायची असेल तर तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकाच खिडकीतून काढावेत. प्रत्येक फेजला वेगळे भोक केले तर मधला लोखंडी पत्राच तापू लागतो आणि त्याच्या कडेवर आवरण भाजते. वेगळी भोके अटळ असतील तर तिथली प्लेट ॲल्युमिनियमची घ्यावी. कोकणपट्टीत आणि गोव्यात खारट दमट हवेसाठी कथील चढवलेली पट्टी मागावी आणि पॅनेलमध्ये स्पेस हीटर चालू ठेवावा.

काम झाल्यावर दोन चाचण्या मागाव्यात. पहिली मेगरची (आवरणाचा रोध मोजणारी), फेज-फेज आणि फेज-अर्थ, इलेक्ट्रॉनिक कार्डे सोडवून ठेवून. दुसरी जोडांच्या रोधाची, जिला साइटवर 'डक्टर टेस्ट' म्हणतात. एकाच जागच्या तिन्ही फेजचे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. एकच फेज दुप्पट दाखवत असेल तर तो जोड उघडावा. नंतर लोड चालू असताना थर्मल कॅमेऱ्याने पाहावे. इथे एक खबरदारी: चकचकीत उघडे तांबे कॅमेऱ्याला खऱ्यापेक्षा खूप थंड दिसते. पॅनेल बंद असताना जोडाशेजारी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून ठेवावा आणि तापमान त्यावर वाचावे. सारखा लोड असून एक फेज इतर दोघांपेक्षा दहा-पंधरा अंशांनी गरम असेल, तर पुढच्या शटडाउनची वाट न पाहता तो जोड उघडावा.

सोसायट्यांना आणखी एक गोष्ट सांगायची आहे. जानेवारी आणि जुलैत अग्निसुरक्षेचा 'फॉर्म बी' भरला जातो, तो अग्निशमन यंत्रणेसाठी असतो. पॅनेल उघडून जोड बघणे हे वेगळे काम आहे. ते परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून, सप्लाय बंद करून, वेगळे करून घ्यावे लागते. त्याच्या कोटेशनमध्ये 'कॉपर फ्लेक्सिबल बार, १ जॉब' असे लिहिलेले असेल तर ते परत पाठवावे. पट्टीचा आकार आणि थर, तापमानवाढीचा कोणता रकाना धरला, भोके पंचाने की ड्रिलने, टॉर्कचे आकडे, सपोर्टमधले अंतर आणि दोन्ही चाचण्यांचा लेखी अहवाल, एवढे त्यात असावे. उरलेल्या पट्टीचा १० सेंटिमीटरचा तुकडा सोसायटीने कार्यालयात जपून ठेवावा आणि बिल मंजूर करण्याआधी त्याचे वजन करावे.

आपले विश्वासू,
विद्युत पॅनेल बांधणी व देखभालीच्या कामातले काही तंत्रज्ञ,
भोसरी, पुणे